आवळ्याच्या मुळाशी राहिलेली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, जुन्या पिशव्या घरोघरी असतात. पण मी जुनी व्हायलाच नको होते. दोन वर्षांत माझी माती व्हायची होती, असं मला विकणारा सांगायचा. माझ्या पोटावरही छापलेलं होतं, हिरव्या अक्षरांत, शेजारी एक पान काढून: ‘विघटनशील. जमिनीत मिसळून जाते.’ आता तिसरं वर्ष चालू आहे आणि मी तुमच्याशी बोलते आहे, यावरून काय ते समजा.

माझा जन्म नागपूरच्या बाहेर एका शेडमध्ये झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवायचे, त्यात एक पांढरी भुकटी मिसळायची, गरम हवेनं लांबलचक फुगा फुगवायचा, तो दाबून कापायचा, की झाल्या पिशव्या. त्या भुकटीचाच सगळा तोरा होता. तिच्यामुळे आम्ही म्हणे साध्या प्लॅस्टिकपेक्षा वेगळ्या. आमच्या यंत्रावर संघपाल नावाचे कारागीर होते. एकदा कुणीतरी त्यांना विचारलं, “खरंच माती होते का गा हिची?” ते यंत्रावरची नजर न काढता म्हणाले, “ऊन अन् हवा लागली तं कडक होऊन तुकडे पडते, हे मी पाह्यलं. जमिनीत गाडली तं काय होते, हे मले कोणी सांगतलं नाही अन् मीही विचारलं नाही.” तेव्हा ते बोलणं मी कानाआड केलं. नव्या कोऱ्या पिशवीला कसली आली काळजी.

तिथून मी हुडकेश्वर रोडवर रुख्मिणीबाईंच्या नर्सरीत आले. नर्सरी म्हणजे हिरव्या जाळीखाली रोपांच्या चार रांगा, पाण्याची एक टाकी आणि एक मोडकी खुर्ची. त्या खुर्चीवर रुख्मिणीबाई बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. बाई बोलायला फटकळ, पण रोपांवर जीव टाकणाऱ्या. त्यांचं एक जुनं दुखणं होतं. गिऱ्हाईक घरी जाऊन पिशवी ओरबाडून काढायचं, मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटायचा, मुळं तुटायची, आणि आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक मेलेलं रोप घेऊन भांडायला यायचं. म्हणून आम्ही आलो तेव्हा त्यांना हायसं वाटलं. पिशव्या विकणाऱ्यानं सांगितलं होतं, काढूच नका, तशीच गाडा. बाईंनी ते खरं मानलं आणि येईल त्याला बजावू लागल्या, “पिशवीसकट लावजा जी. बिलकुल फाडू नका.” माझ्यात त्यांनी स्वतःच्या हातानं माती आणि शेणखत भरलं, आवळ्याचं बोटभर रोप लावलं. मला त्याचा लळा लागायला आठवडाही लागला नाही.

रोप हातभर झालं तेव्हा मधुसूदनराव आले. सोबत त्यांची सून चिन्मयी होती. मधुसूदनराव नागपूरच्या सदर भागातल्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांची पत्नी यमुताई चार दिवसांपूर्वी गेल्या होत्या. अस्थी रामटेकला अंबाळ्याच्या तलावात सोडल्या, पण राख त्यांनी घरी आणली होती. आजकाल पुष्कळ लोक करतात तसं, खड्ड्यात राख घालून त्यावर झाड लावायचं त्यांच्या मनात होतं. आणि झाड आवळ्याचंच हवं होतं. यमुताई दर कार्तिकात गल्लीतल्या बायकांना जमवून आवळीभोजनाला न्यायच्या, कधी कुणाच्या शेतात, कधी कुणाच्या फार्महाउसवर, आणि येताना दर वर्षी म्हणायच्या, आपल्या दारात एक आवळा असता तर. हुडकेश्वरला प्लॉट घेऊन घर बांधलं, फरशी बसली, गेट लागलं, आवळा तेवढा राहून गेला. “ती असताना लावलं नाही,” मधुसूदनराव रुख्मिणीबाईंना म्हणाले, आणि रोप निवडायला वाकले.

गेटच्या आत, खिडकीसमोर, खड्डा खणला. चिन्मयीनं स्टीलच्या डब्यातली राख हलक्या हातानं खड्ड्यात ओतली. मला उचलल्यावर मधुसूदनरावांनी चष्मा लावला आणि माझ्या पोटावरची अक्षरं दोनदा वाचली. शेजारचे भैयाजी कुंपणावर हात टेकून उभे होते. ते म्हणाले, “मधुभाऊ, फाडून टाका ना गा. आम्ही तं फाडूनच लावतो.”

“इथं छापलं आहे, भैयाजी. जमिनीत मिसळून जाते. छापलेलं खोटं असतं का?”

चाळीस वर्षं माणसानं कागदांवरच काढली होती. छापील अक्षरावर त्यांचा इतका विश्वास, की औषधाच्या बाटलीवर हलवून घ्या असं लिहिलेलं असलं तर ते मोजून दहा वेळा हलवायचे. त्यांनी मला तशीच्या तशी राखेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी माती लोटली. माझी फक्त दोन बोटं रुंद कड जमिनीच्या वर राहिली.

पहिलं वर्ष छान गेलं. आवळा माझ्यातल्या खतावर वाढला, कमरेइतका झाला. मधुसूदनराव रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचे आणि हळू आवाजात बोलायचे. संसारभर त्यांनी बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती, “अगं ऐकलं का” यावरच भागलं होतं. आता ते “यमू” म्हणायचे. यमू, आज गॅस संपला. यमू, अर्णवची बदली पुण्याला होणार म्हणतात. अर्णव म्हणजे त्यांचा मुलगा, चिन्मयीचा नवरा. मी आणि आवळा दोघंही ऐकायचो. मला वाटायचं, आता आपण विरघळून जावं, या बाईच्या राखेत मिसळून जावं, याहून चांगला शेवट पिशवीला काय मिळणार.

मे महिन्यात नागपूरचं ऊन म्हणजे तुम्हाला ठाऊक आहेच. माझी वर राहिलेली कड कडक झाली, पांढुरकी पडली आणि एक दिवस बोट लागताच तिचा भुगा झाला. मधुसूदनरावांना केवढा आनंद झाला. त्यांनी भैयाजींना हाक मारून दाखवलं, चिन्मयीला दाखवलं, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालाही दाखवलं. “पाहा, होऊन राहिली माती. सांगत होतो की नाही?”

मित्रांनो, तो भुगा माती नव्हता. ते माझेच तुकडे होते, नखाएवढे, मग तिळाएवढे, मग डोळ्यांना दिसेनासे. काही वाऱ्यानं नेले, काही पाण्याबरोबर जमिनीत उतरले. आणि खाली, जिथं ऊन पोचत नाही, हवा पोचत नाही, तिथं मी होते तशी होते. एक जोडसुद्धा सुटला नव्हता. वरून सगळे माझं कौतुक करत होते आणि खाली माझ्या पोटात मुळं वाढत होती.

दुसऱ्या वर्षी आवळा डोक्याइतका झाला आणि मुळं माझ्या भिंतीला लागली. आधी ती मऊ टोकांनी चाचपून पाहायची. मग दाबायची. मग वाट सापडत नाही म्हणून वळायची आणि माझ्या आतून गोल गोल फिरायची. तळाला मला चार भोकं होती. त्यातून एक-दोन मुळं कशीबशी बाहेर पडली, ती जाड झाली आणि भोकंच बुजली. आता घातलेलं पाणी बाहेर जाईना. आत ते साचून राहायचं, मुळं त्यात कुजायची. मी फाटायचा किती प्रयत्न केला म्हणून सांगू. पण फाटणं आमच्या हातात नसतं. ज्याला तो बोटभर असल्यापासून मी सांभाळलं, त्याचाच गळा मी आवळून बसले होते, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडली. मधुसूदनरावांना वाटलं पाणी कमी पडतं, म्हणून त्यांनी एकाचे दोन तांबे केले. दर तांब्याला मी आतून घाबरायचे. फाल्गुनात पानं सगळी गळाली, ती तर आवळ्याची गळतातच. पण चैत्र लागला, भैयाजींच्या घरामागच्या आवळ्याला कोवळी पालवी आली, आणि आमचा आवळा काड्या घेऊन उभा राहिला. मधुसूदनराव सकाळी आले की आता बोलायचे नाहीत. नुसते उभे राहायचे आणि निघून जायचे.

अशा एका सकाळी गेटबाहेर स्कूटर थांबली. रुख्मिणीबाई आल्या होत्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाल्या, “काकाजी, माझी चूक झाली. हे झाड काढा लागते.”

मधुसूदनरावांना आधी समजलंच नाही. बाईंनी सगळं सांगितलं. पलीकडच्या वसाहतीत हर्षाताई म्हणून त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या दारचा कडुनिंब साध्या वाऱ्यानं आडवा झाला होता. उचलला तर कुंडीतून काढल्यासारखा अलगद निघाला, आणि पिशवी जशीच्या तशी, वरची अक्षरं वाचता येतील अशी. आतल्या मुळांचं नुसतं चुंबळीसारखं वेटोळं झालं होतं. “साठ घरी दिले मी असे झाडं,” बाई म्हणाल्या. “साठही लोकायले म्याच सांगतलं, फाडू नका म्हणून. आता घरोघरी फिरून राहिली. कोणी शिव्या देते, कोणी चहा देते. तुमचं अकरावं घर आहे.”

“आमच्या पिशवीची माती झाली आहे,” मधुसूदनराव म्हणाले. “मी डोळ्यांनी पाहिली.”

बाई खाली बसल्या. बुडाशी बोट फिरवून त्यांनी चार पांढुरके कण तळहातावर घेतले. “हे माती नाही जी. हे तुकडे आहेत. चोळून पाहा, विरघळत नाही. खाली पिशवी साबूत असंन.”

“नाही,” मधुसूदनराव म्हणाले. “तिथं कुदळ लागणार नाही. त्या खड्ड्यात यमू आहे.”

मी जमिनीखाली सगळं ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल खरं बोललं होतं, आणि ते ऐकून घ्यायला माणूस तयार नव्हता. रुख्मिणीबाई उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी झाडाच्या शेंड्याजवळ नखानं साल खरवडली. आत कोरडं, तपकिरी. थोडं खाली खरवडलं, तरी तसंच. छातीच्या उंचीवर खरवडलं तेव्हा सालीखाली हिरवी रेघ दिसली.

“इथवर जीव आहे,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी नख लावून पाहा. सुकणं वरून खाली येते. हिरवं जमिनीशी पोचलं की मंग बलावून फायदा नाही. माझा नंबर सूनबाईपाशी ठेवून जातो.”

ते पुढचे सहा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी मधुसूदनराव तांब्या न घेताच आले. नखाचा आवाज खोडातून माझ्यापर्यंत पोचायचा. हिरवं कमरेवर आलं होतं. तिसऱ्या दिवशी कमरेखाली. चौथ्या दिवशी ते खरवडत खाली आले, खाली आले, आणि गुडघ्यापाशी थांबले. बराच वेळ ते तसेच वाकून होते. चिन्मयीनं खिडकीतून विचारलं, “बाबा, काय करून राहिले?” ते म्हणाले, “काही नाही, मुंग्या पाहतो आहे.”

पाचव्या दिवशी ती शाळेत शिकवायला जायची तयारी करून बाहेर आली होती, ती पर्स ओट्यावर टाकून त्यांच्याजवळ येऊन बसली. साल कुठवर खरवडली आहे, ते तिला दिसत होतंच.

“बाबा, मला कळतं. तुम्हाला वाटतं, खणलं तर आईंना त्रास होईल.”

“तुला हसू येईल, पण तसंच वाटतं.”

“मला हसू नाही येत. मलाही भीती वाटते. राख दिसली तर मी काय करू, हे मलाही माहीत नाही.” तिनं खरवडलेल्या सालीवर बोट ठेवलं. “पण त्या आजारी होत्या तेव्हा मोठ्या दवाखान्यात न्यायला आपण थांबलो होतो ना? उद्या पाहू, डॉक्टर येतील, परवा पाहू. मी अजून स्वतःला माफ नाही केलं. आता पुन्हा तेच करून राहिलो आपण.”

मधुसूदनरावांनी तिची पर्स उचलून तिच्या हातात दिली. ती गेली. दिवसभर ते घरात होते, पण तीन वेळा गेटपर्यंत येऊन परत गेले. त्यांची पावलं मला खाली जाणवत होती. माझ्या पोटात पाणी साचलं होतं आणि मुळांचा एक एक धागा काळा पडत होता.

सहाव्या सकाळी हिरवी रेघ जमिनीपासून वीतभर उरली होती. त्यांनी ती पाहिली आणि उठून सरळ आत गेले. मला वाटलं, संपलं. पण आतून त्यांचा फोनवरचा आवाज आला. “रुख्मिणीबाई, या. कुदळ आणू नका म्हणणार होतो. आणा. पण गेटबाहेर ठेवा.”

बाई अर्ध्या तासात आल्या. कुदळ त्यांनी खरंच गेटबाहेर ठेवली. मधुसूदनराव गुडघ्यांवर बसले आणि नारळाच्या करवंटीनं माती उकरू लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. एक एक करवंटी माती ते बाजूला घमेल्यात ओतायचे, बोटांनी चाळायचे, पुढे सरकायचे. ते राख शोधत होते. चिन्मयी शाळेत गेली नव्हती, शेजारी पदर तोंडाला लावून उभी होती. भैयाजीही कुंपणाशी येऊन उभे राहिले.

हात कोपरापर्यंत आत गेला. माझी एक बाजू उघडी पडली. माझ्या खालची माती त्यांनी काढली, तिच्याही खालची काढली, आणि मग ते थांबले.

“राख कुठं आहे?” त्यांनी विचारलं. “इथंच घातली होती. पांढरी राख, डबाभर. कुठं गेली?”

रुख्मिणीबाईंनी घमेल्यातली मूठभर माती घेऊन त्यांच्या हातावर ठेवली. काळी, ओलसर, साधी माती. “काकाजी, झाली ना माती. कवाच झाली. यमुताई मोकळ्या झाल्या जी.”

मधुसूदनरावांनी ती मूठ कपाळाला लावली आणि ते रडले. बायको गेली तेव्हा ते रडले नव्हते, म्हणून चिन्मयी घाबरली आणि त्यांच्याजवळ बसली. पण ते रडता रडता म्हणाले, “ही गेली तिच्या वाटेनं, आणि मी मात्र हिच्या झाडाला कोंडून ठेवलं होतं.” मित्रांनो, मला त्या क्षणी माझी जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही. एक माणूस दोन वर्षांत काही न छापता माती झालं होतं, आणि छापून आलेली मी तशीच बसले होते.

मग सगळं भराभर झालं. कात्रीनं मला वरून खालपर्यंत उभं कापलं. कापताना दुखलं नाही. आतलं कुजकं पाणी वाहून गेलं. रुख्मिणीबाईंनी गोल फिरलेली काळी मुळं छाटली, वेटोळं सोडवलं, खोड जमिनीपासून वीतभर ठेवून वरचं सगळं कापून टाकलं. झाड म्हणावं असं काही उरलंच नाही, नुसता एक खुंट राहिला. तो त्याच खड्ड्यात, त्याच मातीत पुन्हा लावला, आणि वर जुनी चादर बांधून सावली केली. मधुसूदनरावांनी विचारलं, “जगेल का?”

“जगंन असं मी लिहून देत नाही,” बाई म्हणाल्या. “लिहिलेल्यावर आता माहाच भरवसा नाही राह्यला. पण उशीर झाला नाही एवढं सांगतो.”

मला त्यांनी झटकलं आणि एका पोत्यात टाकलं. त्या पोत्यात माझ्यासारख्या आणखी होत्या, कुणी कडुनिंबाची, कुणी जास्वंदीची. आता आम्ही त्याच नर्सरीत, त्या मोडक्या खुर्चीमागे पडून आहोत. इथं एकदा मक्याच्या पिठापासून केलेली एक पिशवी आली होती. तिला बाईंनी शेणाच्या गरम खतात पुरलं आणि मागाहून खणलं तेव्हा ती खरोखर नव्हती. आम्हाला मात्र तसं कुठं पुरायचं हे बाईंना सुचत नाही. उन्हात टाकलं तर भुगा होऊन सगळीकडे पसरू, जमिनीत टाकलं तर तशाच राहू. म्हणून त्यांनी पोत्याचं तोंड सुतळीनं बांधून ठेवलं आहे.

अठराव्या दिवशी चिन्मयीचा फोन आला. बाईंनी हातातली झारी खाली ठेवली, ऐकलं, आणि फोन बंद करून त्या खुर्चीवर बसल्या. पहिल्यांदाच. थोड्या वेळानं रोपांना पाणी घालणाऱ्या बाईला त्या म्हणाल्या, “काकाजीच्या आवळ्याले बुडातून फुटवा आला वं. मुंगीएवढा आहे म्हणते. काका सकाळपासून भिंग घेऊन बसले आहे.” तो फुटवा मी पाहिलेला नाही, आणि माझ्या वाट्याला तो येणारही नाही. माझा शब्द मी पाळला नाही. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. पिशवीवर काय छापलं आहे ते वाचा, पण ती कुठं माती होते, किती दिवसांत होते आणि कुणी ती होताना पाहिली आहे, हेही विचारा. विचारायला कुणी नसेल तर तिला झाडाच्या मुळाशी गाडू नका.

साठांपैकी चौतीस घरं झाली आहेत. सव्वीस राहिली आहेत, आणि त्यातली काही माणसं पत्ता बदलून कुठं गेली ते बाईंना माहीत नाही. त्या सव्वीस दारांमध्ये आज या क्षणीही मुळं गोल गोल फिरत असतील आणि वरून कुणीतरी प्रेमानं पाणी घालत असेल. एखाद्या सकाळी तुमच्या गेटपाशी स्कूटर थांबली आणि मातीनं भरलेल्या हातांची एक बाई दार वाजवू लागली, तर तिला आत घ्या. ती कुदळ घेऊन आली असेल. तिला खणू द्या.